बसलेल्या गळ्याचे गाणे

लंडन शहरात सेंट जॉन्स वूड म्हणून सुखवस्तू लोकांची एक वस्ती आहे. तेथे ॲबे रोडवर तीन नंबरचे एक घर आहे. समोरून पाहणाऱ्यास ते एखाद्या पेन्शनर अधिकाऱ्याचे बिऱ्हाड वाटेल. पण त्याच्या पाठीमागे प्रशस्त दालने बांधलेली असून १९३१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सर एडवर्ड एल्गार यांनी स्वतः वाद्यवृंद चालवून त्या ध्वनिमुद्रणगृहाचा आरंभ केला. कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा ज्या तबकड्यांवर आपण सर्वांनी पाहिलेला आहे, त्याच कंपनीची ही वास्तू. याच कंपनीचे गाइसबर्गसाहेब १९०२ साली कलकत्त्यास येऊन गोहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून घेऊन गेले होते. त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी गवयांनी त्या कर्ण्यासमोर बसून तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकला. चूक झाली तर दुरुस्ती नाही, सारे पहिल्यापासून, असा तो मामला होता. तेव्हा ॲबे रोडचे हे घर आपल्याला वाटते तितके परके नाही.

या घरातील दोन नंबरच्या दालनात ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, सोमवारी, लिव्हरपूलचे चार तरुण सकाळी दहा वाजता आले आणि रात्री पावणेअकराला बाहेर पडले. तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या पहिल्या लाँगप्ले तबकडीतील दहा गाणी गाऊन पुरी केली. चौदा गाण्यांची ती तबकडी. उरलेली चार आधीच छोट्या तबकड्यांवर निघालेली होती. त्या दिवसाचे शेवटचे गाणे ज्याने म्हटले त्याला सर्दी झालेली होती, आणि गळा सकाळपासून बसत बसत रात्री पार फाटला होता. त्याचे नाव जॉन लेनन. वय बावीस वर्षे.

ज्या घरात मी वाढलो तेथे गळ्याला देवासारखे जपत. वडील दरबारी गवई होते. गळा बसला की घरात ज्येष्ठमधाची काडी, गरम पाणी आणि मौन. बोलायचेसुद्धा नाही, मग गाणे तर दूरच. तीच शिकवण मी आज माझ्या विद्यार्थ्यांना देतो, आणि ती बरोबर आहे याविषयी मला शंका नाही. तरीही त्या सोमवारचे ते शेवटचे अडीच मिनिटांचे गाणे मी अनेकदा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी माझी शिकवण थोडीशी हलते. ती का हलते याचा शोध घ्यायचा तर या माणसाचे चरित्र पाहिले पाहिजे.

जॉन विन्स्टन लेनन याचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० रोजी लिव्हरपूल येथे झाला. महायुद्धाचे दिवस होते. बाप आल्फ्रेड व्यापारी जहाजांवर नोकरीस. घरी कमी आणि समुद्रावर जास्त. आई ज्यूलिया हौशी, हसतमुख, बँजो वाजवणारी, पण संसार टिकवून धरणाऱ्यांपैकी नव्हे. जॉन पाच वर्षांचा होईपर्यंत त्यांचे घर मोडले आणि तो ज्यूलियाच्या थोरल्या बहिणीकडे, मिमी मावशीकडे, वूल्टन भागातील मेन्लव्ह ॲव्हेन्यूवरच्या घरी राहावयास गेला. मावशी शिस्तीची. घर नीटनेटके, पुस्तके भरपूर, बोलणे शुद्ध. मावशीचे यजमान जॉर्ज स्मिथ मात्र मऊ स्वभावाचे. त्यांनी मुलाला एक माऊथ ऑर्गन दिला. हे जॉर्ज १९५५ साली एकाएकी वारले. त्या वेळी जॉन चौदा वर्षांचा होता.

आई जवळच, मैल-दोन मैलांवर, दुसऱ्या बिऱ्हाडी राहत होती. मोठा होऊ लागला तसा तो तिच्याकडे जाऊ लागला. तिने त्याला बँजोचे स्वर शिकवले आणि तेच स्वर तो गिटारवर वाजवू लागला. गिटारला सहा तारा, बँजोचे धडे चारच तारांचे. कित्येक दिवस हा मुलगा उरलेल्या दोन तारांकडे लक्षच न देता वाजवत असे. मावशीचे मत असे की छंद म्हणून गिटार ठीक आहे, त्यावर पोट भरणार नाही. असले मत आपल्याकडेही कोणत्या घरात ऐकू आले नाही?

शाळेतल्या मित्रांना जमवून त्याने १९५६ साली एक ताफा काढला आणि शाळेच्या नावावरून त्याचे नाव क्वारीमेन ठेवले. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत हा ताफा वाजवत असताना पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाशी त्याची गाठ पडली. पॉलला गिटार नीट जुळवता येत होती आणि गाण्यांचे सगळे शब्द पाठ होते. जॉनला शब्द अर्धे येत, उरलेले तो मनानेच रचून म्हणे. आपल्यापेक्षा तयारीच्या मुलाला आत घ्यावे की आपले पुढारीपण जपावे, असा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने पॉलला आत घेतले. पुढल्या वर्षी जॉर्ज हॅरिसन आला. तो पॉलहून लहान.

त्याच वर्षी, १५ जुलै १९५८ रोजी, ज्यूलिया बहिणीच्या घरून निघून रस्ता ओलांडत असताना मोटारीखाली सापडली आणि मरण पावली. मोटार चालवणारा इसम पोलीस खात्यातला होता, त्या वेळी कामावर नव्हता. जॉन सतरा वर्षांचा होता. पॉलची आई त्याआधी दीड-दोन वर्षांपूर्वीच वारली होती. दोन आईवेगळी मुले एकमेकांसमोर गिटारी घेऊन बसत आणि गाणी रचत. या दुःखाविषयी ते आपसांत फारसे बोलत नसत, असे दिसते.

आता त्याच्या गळ्याकडे वळू. जॉनचा आवाज गोड म्हणता येणार नाही. तो नाकातून येतो, त्याला कडा आहेत. खालच्या स्वरांत तो कोरडा, वरच्या स्वरांत धारदार. पॉलचा आवाज मोकळा, फिरणारा. त्याच्याशेजारी जॉनचा आवाज म्हणजे मलमलीशेजारी घोंगडी. पण तो ज्या स्वरावर उभा राहतो तेथे ठाम उभा राहतो. विशेष गोष्ट अशी की स्वतः जॉनला आपला आवाज कधीच आवडला नाही. पुढे सारे जग त्याच्या आवाजावर लुब्ध झाले तरी तो ध्वनिमुद्रणाच्या वेळी हा आवाज झाका, बदला, दुसऱ्याचा वाटेल असे काहीतरी करा, म्हणून साहेबांच्या मागे लागत असे.

या आवाजाचा रियाज झाला तो हांबुर्गला. जर्मनीतल्या त्या बंदराच्या शहरात, खलाशांच्या आणि बदनाम वस्तीच्या रस्त्यावर, इंद्र नावाच्या एका गुत्त्यात ऑगस्ट १९६० मध्ये या मुलांना काम मिळाले. गुत्त्याला हे नाव का पडले असेल ते असो, आपल्या देवांचा राजा तेथे असा पोहोचला होता खरा. रोज रात्री साडेचार तास आणि शनिवारी सहा तास वाजवायचे, असा करार. पुढल्या खेपांत तर रात्रीचे सात-आठ तास होऊ लागले. दारू प्यालेल्या खलाशांसमोर, धुराने कोंदलेल्या खोलीत, ध्वनिक्षेपक जेमतेम. गाणी अपुरी पडत म्हणून एकच गाणे दहा-पंधरा मिनिटे लांबवावे लागे. झोप एका सिनेमागृहाच्या मागच्या, शौचालयाशेजारच्या अडगळीच्या खोलीत. आपल्याकडे गुरुगृही पहाटे उठून खर्ज लावण्याची रीत आहे. ही रीत तिच्या नेमकी उलट. पण तास मोजले तर तो रियाजच होता. आपण पुष्कळदा रियाजाचे पावित्र्य पाहतो, त्याचे तास पाहत नाही. या मुलांनी तास भरले. लिव्हरपूलला परतल्यावर कॅव्हर्न नावाच्या तळघरात त्यांचे जवळजवळ तीनशे कार्यक्रम झाले, तेही पुष्कळसे भर दुपारी, कचेऱ्यांतल्या पोरापोरींच्या जेवणाच्या सुटीत.

ब्रायन एप्स्टाइन या तबकड्यांच्या दुकानदाराने ९ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांना त्या तळघरात ऐकले आणि त्यांचा कारभार हाती घेतला. त्याने या मुलांना कातडी जाकिटांतून काढून सुटाबुटात बसवले आणि लंडनच्या कंपन्यांचे उंबरठे झिजवले. डेक्का कंपनीने १ जानेवारी १९६२ रोजी परीक्षेसाठी बोलावले. आदल्या रात्री बर्फातून मोटार हाकत सारे लंडनला पोहोचले. पंधरा गाणी म्हटली आणि नापास झाले. ते ध्वनिमुद्रण आज ऐकले तर डेक्काच्या साहेबांना फारसा दोष देववत नाही. जॉनचा गळा त्या दिवशी ठणठणीत होता, पण तो आखडून गायला आहे. परीक्षेला बसलेला मुलगा जसा गातो तसा. स्वर शाबूत, जीव नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण तेरा महिन्यांनी नेमके याच्या उलट घडले.

शेवटी दार उघडले ते पार्लोफोन या लहानशा शाखेने. तिचे प्रमुख जॉर्ज मार्टिन. हे गृहस्थ ओबो वाजवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले. पण कंपनीत त्यांची ख्याती विनोदी तबकड्यांबद्दल. पीटर सेलर्ससारख्या विनोदी नटांच्या तबकड्या त्यांनी काढल्या होत्या आणि जॉन त्या विनोदाचा बालपणापासूनचा भक्त. मार्टिनसाहेबांनी ६ जून १९६२ रोजी या मुलांना ॲबे रोडवर ऐकले. ऑगस्टमध्ये ढोलावरचा पीट बेस्ट गेला आणि रिंगो स्टार आला. ऑक्टोबरात ‘लव्ह मी डू’ ही छोटी तबकडी निघाली. तिच्यात जॉनचा माऊथ ऑर्गन आहे. खपाच्या यादीत ती सतराव्या जागेपर्यंत चढली.

दुसरे गाणे ‘प्लीज प्लीज मी’. जॉनने ते संथ, रडवेल्या चालीत रचले होते. मार्टिनसाहेबांनी लय वाढवावयास सांगितली. नोव्हेंबरच्या २६ तारखेला ते नव्या लयीत मुद्रित झाले आणि जानेवारी १९६३ मध्ये बाजारात येताच यादीत भराभर वर चढू लागले. लय बदलली की चीज बदलते, हे आपल्याकडे विलंबित आणि द्रुत गाणाऱ्याला सांगावयास नको. पण बावीस वर्षांच्या रचनाकाराने दुसऱ्याचे म्हणणे निमूट ऐकले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

गाणे चढते आहे तोवर लाँगप्ले तबकडी बाजारात आली पाहिजे, असा व्यापारी हिशेब होता. कॅव्हर्नमध्येच, श्रोत्यांसमोर, ती मुद्रित करावी असे मार्टिनसाहेबांच्या मनात आले होते. पण ते तळघर जाऊन पाहिल्यावर तेथील आवाज तबकडीला उपयोगाचा नाही, असे त्यांनी ठरवले. मग ॲबे रोडलाच, पण कॅव्हर्नमध्ये गातात तसे गाऊन घ्यावे, असा बेत झाला. वेळ कोठून आणायचा? हेलन शपिरो या सोळा वर्षांच्या लोकप्रिय गायिकेबरोबर या ताफ्याचा दौरा २ फेब्रुवारीला ब्रॅडफर्डहून सुरू झालेला. त्या वर्षी इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या पडली नव्हती अशी थंडी. बर्फातून गावोगाव प्रवास, थंडगार नाट्यगृहे. त्यात एक दिवस मोकळा मिळाला. जॉन आला तो सर्दी घेऊनच.

दोन नंबरचे दालन म्हणजे उंच छताची एक मोठी खोली. वरच्या मजल्यावर काचेआड यंत्रांची खोली, आणि तेथून खाली उतरणारा जिना. वर मार्टिनसाहेब, आवाजाचा समतोल साधणारे नॉर्मन स्मिथ आणि टेप सांभाळणारा तरुण रिचर्ड लँगहॅम. यंत्र दोन पट्ट्यांचे: एका पट्टीवर वाद्ये, दुसरीवर गाणे. याचा अर्थ असा की सगळ्यांनी एकदमच वाजवायचे आणि एकदमच गायचे, हांबुर्गच्या गुत्त्यात करीत होते तसेच. वादकांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे तीन-तीन तासांची सत्रे आखलेली असत. सकाळी दहा ते एक, दुपारी अडीच ते साडेपाच, अशी दोन ठरलेली होती. रात्रीचे तिसरे जोडले गेले. साऱ्या तबकडीचा खर्च मार्टिनसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे सुमारे चारशे पौंड. पुढे याच ताफ्याने एकेका गाण्यावर आठवडेच्या आठवडे घालवले.

सकाळी ‘देअर्स अ प्लेस’ घेतले. हे जॉनचे आणि पॉलचे जोडगाणे. दहा वेळा गावे लागले. मग पॉलचे ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’. तेही नऊ वेळा. पियानोवर एक मोठी बरणी ठेवलेली होती, तीत झूब्स नावाच्या घशाच्या गोळ्या. शेजारी सिगारेटी. घशाच्या गोळ्या आणि सिगारेटी शेजारी शेजारी! जेवणाच्या सुटीत मार्टिनसाहेब आणि मंडळी जवळच्या गुत्त्यात जेवावयास गेली. परत येऊन पाहतात तो मुले तेथेच, दूध पिऊन, सराव करीत उभी. आपल्याकडे सर्दीत गवयाला दूध कोणी देणार नाही. पण उपाशीपोटी तास वाया न घालवणारी ही मुले पाहून साहेबांना आश्चर्य वाटले, तसेच मलाही वाटते.

दुपारी ‘अ टेस्ट ऑफ हनी’, जॉर्जचे ‘डू यू वाँट टू नो अ सीक्रेट’, आणि ‘मिझरी’. रात्री प्रथम ‘होल्ड मी टाइट’ तेरा वेळा घेतले आणि शेवटी टाकून दिले. तेरा वेळा! गळा बसलेल्या माणसाच्या त्या रात्रीतून हा वेळ गेला, याची मला आजही हळहळ वाटते. (ते गाणे सप्टेंबरात पुन्हा मुद्रित होऊन दुसऱ्या तबकडीवर गेले.) मग मात्र घड्याळाने घाई केली आणि उसनी गाणी, म्हणजे अमेरिकेतल्या गायकांची, रंगमंचावर नेहमी म्हणत ती, झटपट होऊ लागली. जॉनचे ‘ॲना’ तीन फेऱ्यांत. त्यात सर्दी स्पष्ट ऐकू येते, आणि त्या भरलेल्या नाकामुळे विनवणीला एक वेगळाच ओलावा येतो. रिंगोचे ‘बॉइज’ एकाच फेरीत. जॉर्जचे ‘चेन्स’. जॉनचे ‘बेबी इट्स यू’. येथवर आले तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते आणि एक गाणे उणे होते.

ते गाणे ‘ट्विस्ट अँड शाउट’. बर्ट बर्न्स आणि फिल मेडली या अमेरिकन रचनाकारांचे. आयस्ले बंधूंनी १९६२ साली ते गाजवलेले. लिव्हरपूलचा ताफा हे गाणे कार्यक्रमाच्या ऐन रंगात म्हणत असे. मार्टिनसाहेबांनी ते मुद्दामच शेवटासाठी राखले होते. हे गाणे गळा फाडते हे त्यांना ठाऊक होते. आधी घेतले असते तर बाकीची गाणी बुडाली असती. यात त्यांचा हिशेब होता आणि थोडा निर्दयपणाही होता. मंडळी खाली उपाहारगृहात जाऊन कॉफी पिऊन आली. जॉनने आणखी गोळ्या चघळल्या, दुधाच्या गुळण्या केल्या आणि अंगातला सदरा काढून तो मायक्रोफोनसमोर उभा राहिला. ही हकिकत त्या रात्री हजर असलेल्यांनी सांगितलेली आहे.

गाण्याची बांधणी साधी. तीनच स्वरसंवाद, पुन्हा पुन्हा फिरणारे, ठेका जड. जॉन ओळ टाकतो, पॉल आणि जॉर्ज कीर्तनातल्या झीलकऱ्यांप्रमाणे ती उचलून धरतात. मध्ये एक जागा अशी येते की शब्द थांबतात आणि तिघे एकामागून एक, खालून वर, एकेका स्वराची पायरी चढत जातात. शिडीच्या टोकाला पोहोचले की सगळे मिळून ओरडतात. ही शिडी गाण्यात पुन्हा येते. पहिल्याच ओळीत कळते की जॉनच्या आवाजात आता आवाज उरलेलाच नाही. स्वराची साल निघालेली आहे. आपण ज्याला लगाव म्हणतो तो नाही, गोलाई नाही, टिकाव नाही. घासलेला पत्रा आहे. पण कान देऊन ऐका. स्वर कोठेही उतरलेला नाही. लय कोठेही ढळलेली नाही. गिटार त्याच्याच हातात आहे आणि ती चुकत नाही. दर ओळीला वाटते की पुढची ओळ आता निघणार नाही, आणि ती निघते. ढोलावर रिंगो त्याला मागून ढकलतो आहे. शेवटी पुन्हा शिडी, पुन्हा आरोळी, आणि थांबल्यावर कोणीतरी सुटकेचा सूर काढलेला तबकडीवर ऐकू येतो.

मार्टिनसाहेबांनी आणखी एकदा घेऊन पाहिले. दुसऱ्या फेरीत गळ्यातून काही निघेना. पहिलीच फेरी तबकडीवर गेली, आणि आज साठ वर्षांहून अधिक काळ जग ऐकते आहे ती हीच.

काही लोक म्हणतील की हा अपघात. सर्दी नसती तर गाणे साधारण झाले असते. मला हे पटत नाही. सर्दी झालेले गवई पुष्कळ असतात. ज्याने तीन वर्षे रात्रीचे साडेचार, सहा, आठ तास गाऊन काढले आहेत, त्याचा गळा गेला तरी खाली दुसरे काहीतरी शिल्लक असते. स्वर कोठे आहे हे त्याला कंठाने नव्हे, अंगाने माहीत झालेले असते. आपल्याकडेही वृद्ध गवयांच्या मैफलीत हा अनुभव येतो. आवाज गेलेला, दम गेलेला, पण स्वराची जागा अचूक. फरक इतकाच की जॉन बावीस वर्षांचा होता आणि हे वार्धक्य त्याला एका रात्रीपुरते आले होते. डेक्काच्या परीक्षेत ठणठणीत गळ्याने जे झाले नाही ते येथे झाले, कारण लपण्याची जागा उरली नव्हती. ज्याला आपला आवाज आवडत नाही तो आवाजाच्या आडच लपत असतो. त्या रात्री आडोसाच मोडला.

स्वतः जॉनला मात्र हे मान्य नव्हते. पुढे त्याने सांगितले की ते गाणे ऐकताना आपल्याला संकोच वाटतो, कारण आपल्याला याहून चांगले गाता येत होते. कितीतरी दिवस घोट गिळताना घशात पॉलिशकागद घासल्यासारखे होत असे, असेही तो म्हणे. विश्रांतीचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गावोगावचे कार्यक्रम होते. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. गळ्याची ती उधळपट्टी होती आणि मोजून तिचे मोल द्यावे लागले.

मार्टिनसाहेबांनी २० फेब्रुवारीला, मुले हजर नसताना, दोन गाण्यांत स्वतःच्या हाताने भर घातली: एकात पियानो, दुसऱ्यात सेलेस्टा हे घंटीसारख्या स्वरांचे वाद्य. तबकडी २२ मार्च १९६३ रोजी निघाली. मे महिन्यात ती इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तीस आठवडे तेथेच राहिली. तिला खाली उतरवले ते याच ताफ्याच्या दुसऱ्या तबकडीने.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सात कोटींहून अधिक लोकांनी त्यांना पाहिले. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत त्यांना आपलेच गाणे ऐकू येईना आणि ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी जाहीर दौरे सोडून दिले. त्याच वर्षी ॲबे रोडच्या केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एकच आवाज यंत्राने दुहेरी करण्याची युक्ती काढली. जॉन खूश झाला. आवाज झाकण्याचे साधन सापडले! एका गाण्यात तर त्याला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या लामासारखा हवा होता, म्हणून तो ऑर्गनच्या फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढण्यात आला. ही कारागिरी मोठी आहे, मी ती नाकारीत नाही. पण बसलेल्या गळ्याच्या त्या रात्रीपासून तो किती दूर पळाला, हेही तिच्यात दिसते.

फेब्रुवारी १९६८ मध्ये तो ऋषिकेशला महेश योगींच्या आश्रमात आला, तो काही आठवडे राहिला आणि रुसून परत गेला. हॅरिसनने रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतले तसे जॉनने आपल्या संगीताकडे पाहिले नाही. पण हिमालयाच्या पायथ्याशी त्याने पुष्कळ गाणी रचली, त्यांत आईच्या नावाचे एक आहे. एकट्याने, गिटारवर, हलक्या आवाजात म्हटलेले. माणूस म्हणून तो सोपा नव्हता. तोंडाचा तिखट, रागावला की हात उगारणारा. पहिली बायको सिंथिया आणि मुलगा ज्यूलियन यांच्याशी तो नीट वागला नाही. ज्याला बापाने टाकले त्यानेच आपल्या मुलाला बापाविना वाढू द्यावे, ही गोष्ट त्याचे चाहते भराभर ओलांडून जातात. तसे करू नये.

ताफा १९७० साली फुटला. त्याच वर्षी त्याने अमेरिकेत मनाच्या जुन्या जखमा किंचाळून मोकळ्या करण्याचा एक उपचार घेतला आणि लगेच ॲबे रोडला येऊन एक तबकडी केली. वाद्ये मोजकी, ढोलावर पुन्हा रिंगो. पहिले गाणे आईवर आणि बापावर. आरंभी चर्चची घंटा संथपणे वाजते. शेवटी तो आईला थांबण्याची आणि बापाला परतण्याची आळवणी पुन्हा पुन्हा करू लागतो आणि दर खेपेस आवाज अधिक फाटत जातो. हे ऐकताना १९६३ ची ती रात्र आठवल्यावाचून राहत नाही. त्या वेळी गळा सर्दीने फाटला होता; या वेळी त्याने तो आपण होऊन फाडला. सतरा वर्षांच्या मुलाचे न बोललेले रडणे तीस वर्षांच्या माणसाच्या गळ्यातून बाहेर आले. त्या नाचाच्या गाण्यातल्या आरोळीत ते आधीच कोठेतरी होते की काय, असे मला वाटते; सिद्ध करता येणार नाही.

नंतर तो न्यूयॉर्कला स्थायिक झाला. ९ ऑक्टोबर १९७५ रोजी, त्याच्याच वाढदिवशी, योको ओनोपासून त्याला शॉन हा मुलगा झाला, आणि पाच वर्षे त्याने गाणे बाजूला ठेवून मूल सांभाळले, पाव भाजले. पहिल्या वेळची चूक त्याला कळली असावी. १९८० साली तो पुन्हा ध्वनिमुद्रणगृहात गेला. नोव्हेंबरात नवी तबकडी निघाली. ८ डिसेंबरची संध्याकाळ त्याने योकोच्या एका गाण्यावर काम करण्यात घालवली. त्यात गाणे तिचे, त्याने गिटार वाजवली होती. रात्री अकराच्या सुमारास दोघे घरी परतले. डाकोटा या त्यांच्या इमारतीच्या दारात एका माथेफिरूने पाठीमागून गोळ्या झाडल्या. जॉन लेनन चाळीस वर्षांचा होता.